खड्डा अठ्ठावीसशेचा, नोकरी नऊ हजारांची

या आठवड्याचं पत्र नागपूरच्या नंदनवन भागातून आलं आहे. नाव छापू नका असं तिने लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आखडून देते.

"ताई, मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. गाव काटोल तालुक्यात, इथे रूम करून राहते. बाबांची चार एकर संत्र्याची बाग आहे. मागच्या वर्षी आंबिया बहाराची फळगळ झाली. तेव्हापासून ते महिन्याला चारच हजार पाठवून राहिले, आधी साडेसहा पाठवायचे. रूमचे माझ्या वाटणीचे २,५००, मेसचे २,८००, येण्याजाण्याचे ९००, रिचार्ज आणि झेरॉक्स मिळून ६००. रूममेटने तिच्या ऑफिसात माझं बोलून ठेवलं आहे. छत्रपती चौकाजवळ, कोचिंग क्लासच्या ॲडमिशनसाठी कॉलिंग करायचं. दुपारी ४ ते रात्री १०, आठवड्यातले सहा दिवस, महिना ९,००० आणि वरून इन्सेंटिव्ह. पहिले पंधरा दिवस ट्रेनिंग, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी बारावीची ओरिजिनल मार्कशीट घेऊन बोलावलं आहे, ती जमा ठेवतात म्हणे. आई म्हणते, शिकायला पाठवलं तर शीक. बाबांना अजून सांगितलं नाही. मोबाइलवर घरबसल्या डेटा एंट्रीचाही मेसेज आला होता, १,४९९ भरून रजिस्ट्रेशन करायचं. माझं कॉलेज सकाळचं आहे, बारापर्यंत. मी काय करू?

ता. क. घरमालकीण काकू वरच राहतात. त्यांची नातवंडं पाचवी आणि सातवीत आहेत, त्यांचा अभ्यास घेत जा असं दोनदा म्हणाल्या. पण ज्यांच्या घरात राहतो त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे?"

पोरी, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त आवडलं ते हिशोबाचं वाक्य. कॉमर्सची मुलगी आहेस हे दिसतं. फक्त बेरीज करून तू थांबलीस, वजाबाकी केलीच नाहीस. ती मी करते. खर्च ६,८००, बाबांकडून येतात ४,०००. कमी पडतात २,८००. म्हणजे नेमकी मेस. बाबांच्या पैशात तुझं बाकी सगळं बसतं, दोन वेळचं जेवण तेवढं बाहेर राहतं.

आता बघ, खड्डा अठ्ठावीसशेचा आहे आणि तो बुजवायला तू नऊ हजारांची नोकरी आणायला निघाली आहेस. वरवर पाहता यात वाईट काय? जास्त आले तर चांगलंच. पण ते नऊ हजार तुझ्या हातात किती उरतात ते आधी पाहू.

रोजचे सहा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १५६ तास. नंदनवनातून छत्रपती चौक म्हणजे आधी मेट्रोच्या स्टेशनापर्यंत जायचं, मग सीताबर्डीला ॲक्वा लाइनवरून ऑरेंजला बदलायचं. रात्री दहाला सुटल्यावर मेट्रो मिळेलच असं नाही, मग ऑटो. जाऊन-येऊन दीड तास धर, महिन्याचे ३९. झाले १९५ तास. भाडं, ऑटोच्या वाटणीसकट, दिवसाला सरासरी पन्नास धरलं तर १,३००. मेस नऊ-साडेनऊला बंद होते. तू अकराला येणार, मेसचे पैसे मात्र पूर्ण भरणार आणि बाहेर काहीतरी खाऊन येणार. साठ रुपयांत पोट भरलं असं समजू. ते झाले १,५६०. नऊ हजारांतून हे सगळं काढलं तर उरतात ६,१४०. त्याला १९५ ने भाग. तासाला साडेएकतीस रुपये.

आणि हे दुसऱ्या महिन्यापासून बरं का. पहिल्या महिन्यात अर्धा पगार ट्रेनिंगच्या नावाखाली गेलेला, भाडं आणि बाहेरचं जेवण मात्र पूर्ण. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

इन्सेंटिव्हचं मी धरलं नाही, कारण ते किती कॉलवर, किती ॲडमिशनवर, फी भरल्यावर की नुसतं नाव नोंदवल्यावर, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. जो आकडा कागदावर नाही तो मी हिशोबात घेत नाही.

पण समज, तू म्हणशील, ताई, साडेएकतीस तर साडेएकतीस, खड्डा बुजवून तीन हजार वर तर उरतात. त्या वरच्या तीन हजारांचीच मला भीती वाटते. का, ते सांगते.

नव्वदच्या दशकात मी इथेच बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, परगावी फोन लावायच्या एका एस.टी.डी. बूथवर बसायची. लेडीज होस्टेलची फी भरायला घरून थोडे कमी पडत होते, म्हणून संध्याकाळचे तीन तास धरले होते. रात्री दर उतरले की लोकांची रांग लागायची, मालक म्हणाला, अजून दोन तास बस, वाढवून देतो. मी बसले. फी भरून पैसे उरायला लागले. मग एक चांगला ड्रेस झाला, मग सँडल, मग मैत्रिणींना शनिवारी माझ्याकडून चाट. तीन महिन्यांत मला जेवढे पैसे मिळत होते तेवढे सगळे लागायला लागले. त्या वर्षी माझा इकॉनॉमिक्सचा पेपर राहिला. मागणी आणि पुरवठा मला बूथवर समजला, पेपरात लिहिता आला नाही. आणि सोडायचं म्हटलं तर मालकाकडे माझी दहावीची सनद अडकलेली. नोकरीला लागताना "विश्वासासाठी" म्हणून ठेवून घेतली होती. ती सोडवायला मी शेवटचा महिना फुकट बसले.

म्हणून मार्कशीटचं वाचून मी थबकले. ओरिजिनल कागद कोणाकडेही जमा ठेवायचा नाही. पगार नऊ हजार असो की नव्वद हजार. दाखवायचा, त्यांनी पाहून घ्यायचा, आपण पिशवीत टाकून घरी आणायचा. झेरॉक्स द्यायची असेल तर तिच्यावर तारीख आणि "फक्त अमुक कामासाठी" असं लिहून सही करायची. जिथे कागद अडकवून माणूस टिकवावा लागतो, तिथली माणसं टिकत का नसतील याचा विचार कर. तुझ्या रूममेटला विचार, तिची मार्कशीट कुठे आहे.

वेळेचंही एक आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. ठेवलं तर तिच्या सुरक्षेची आणि घरी पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची. दहापर्यंत बसवणारे गाडीचं काही बोलले का? तुझ्या पत्रात तरी नाही.

डेटा एंट्रीचं दोन ओळींत उरकते. जो काम देतो तो पैसे देतो. जो आधी पैसे मागतो त्याचा धंदा काम देण्याचा नाही, तुझे १,४९९ हाच त्याचा धंदा. पुढची पायरीही सांगून ठेवते: ढीगभर पानं टाइप करून घेतात, मग "अचूकता कमी पडली, कराराचा भंग झाला" म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात आणि दंड मागतात. घाबरून भरणारी मुलं मला माहीत आहेत. तशी वेळ कोणावर आलीच तर पैसे न भरता १९३० वर फोन करायचा, सायबर फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे. आणि कॉलेजात कोणी "तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो" असं म्हटलं तर तिथून उठून जायचं. त्या खात्यातून दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे.

आता कामाचं बोलू. माझ्या मते नागपुरात विद्यार्थ्याला तासाला सगळ्यात जास्त पैसे देणारं काम म्हणजे अर्ज भरणं. हसू नकोस. तू प्रवर्ग लिहिला नाहीस, मला सांगायची गरजही नाही, पण स्वतः तपास. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असशील, सरकारी वसतिगृहात अर्ज करून जागा मिळाली नसेल आणि पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर स्वाधार योजनेत नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. गुणांची आणि हजेरीची अट आहे, ती नीट वाच. आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे, पण तिथे जागा मर्यादित असतात, तुझा अभ्यासक्रम बसतो का ते विचारून घे. स्वाधारची चौकशी श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात होते, बाकीच्यांसाठी कुठल्या ऑफिसात जायचं तेही तिथे विचार. फीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, भरलास का? "मागच्या वर्षी राहून गेलं" असं उत्तर मी इतक्या मुलांकडून ऐकते की मला राग येतो. उत्पन्नाचा दाखला मुदतीतला लागतो, तो काटोलच्या तहसीलमधून काढायचा, त्यासाठी बाबांना एक दिवस बाग सोडावी लागेल. कागद गोळा करायला, रांगेत उभं राहायला, पोर्टल अडकलं की पुन्हा बसायला, सगळे मिळून वीस तास धर. साठ हजारांना वीसने भाग आणि त्या साडेएकतीसच्या शेजारी ठेवून बघ.

अर्थात ते पैसे आज भरले आणि उद्या आले असं होत नाही. हप्ता यायला महिने लागतात, मेसवाला तेवढा थांबत नाही. म्हणून आता तुझ्या ताज्या कलमाकडे येते. ते तू शेवटी, जाता जाता लिहिलंस. माझ्या मते पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं.

काकूंनी दोनदा विचारलं. नागपूरची घरमालकीण एखादी गोष्ट दोनदा विचारते तेव्हा तिला ती खरंच हवी असते. पाचवीला आणि सातवीला रोज एक तास, रविवार सोडून, महिन्याला साधारण २६ तास. तू म्हणायचं, "काकू, मी रोज सहा ते सात बसत जाईन. दोघांचे मिळून दोन हजार द्या." त्या म्हणतील, "अगं, तू तर घरचीच आहेस." इथे तू लाजून "बरं, राहू द्या मग" म्हणशील ही मला खात्री आहे, म्हणून आधीच सांगते: लाजायचं नाही, हसायचं आणि गप्प बसायचं. पाच मिनिटांनी त्या अठराशे म्हणतील. अठराशेला हो म्हण. तासाला ६९ रुपये झाले, भाडं नाही, रात्रीचा ऑटो नाही, मेस चुकत नाही, जिना चढला की ऑफिस. गल्लीत अजून एक मूल मिळालं तर खड्डा जवळपास बुजलाच. आणि मुलांना शिकवायला लागलीस की ते मिळतंच, कारण काकू ओट्यावर बसून सगळ्यांना सांगणार.

त्या एक सुचवतील, "भाड्यातूनच वळते करून घेऊ." याला मात्र नको म्हण. सोयीचं वाटतं, पण दोन व्यवहार एकात गेले की दोन्हींवर बोलता येत नाही. परीक्षेच्या महिन्यात चार दिवस शिकवणी बंद ठेवायची असेल तर भाड्याचा विषय निघेल. नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करायची असेल तर शिकवणीचा निघेल. भाडं एक तारखेला तू द्यायचं, शिकवणीचे पाच तारखेला त्यांनी द्यायचे. पैसे तेच फिरतील, फिरू दे.

पैसे कसे घ्यायचे हा तुझा प्रश्न मी टाळत नाही. मेसवाल्या मावशी तुला ओळखतात, प्रेमाने एक पोळी जास्त वाढतात, आणि महिन्याच्या शेवटी २,८०० घेतात. तुला त्यात काही गैर वाटतं का?

राहिले हजारेक रुपये. दसरा-दिवाळी तोंडावर आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या दिवसांत विक्रीला, बिलं फाडायला माणसं लागतात. बर्डीवर, गांधीबागेत, महालात कापडाच्या दुकानांत दिवाळीचे पंधरा-वीस दिवस जास्तीची मुलं-मुली घेतात. उभं राहून पायांचं पीठ होतं, पण एकरकमी पैसे येतात आणि दिवाळी झाली की काम आपोआप संपतं, सोडताना वाईट वाटत नाही. फक्त हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक आधी बघ. विद्यापीठाची परीक्षा आणि बर्डीची दिवाळी एकमेकींच्या उरावर बसतात, हे माझ्या काळापासून तसंच आहे.

आणि आता एक काम सांगते, जे मी तुला पैशासाठी करायला सांगत नाही. बी.कॉम.ची मुलगी, बारानंतर दुपार मोकळी, आणि नंदनवनापासून जवळच इतवारी-गांधीबाग-मस्कासाथचा घाऊक बाजार. तिथल्या प्रत्येक पेढीचा कोणीतरी जीएसटीवाला, म्हणजे जीएसटीचे कागद भरून देणारा, असतो. त्याच्याकडे एंट्री मारायला, बँक रिको करायला (वहीचा हिशोब बँकेच्या हिशोबाशी जुळवायला), टू-बी (खरेदीवरच्या कराची पोर्टलवरची यादी) जुळवायला हात कमीच पडतात. महिन्याच्या ११ तारखेला आर-वन म्हणजे विक्रीचं विवरण, २० ला थ्री-बी म्हणजे कर भरायचं विवरण, त्यामुळे पहिले वीस दिवस तिथे कोणाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून चौकशीला जायचं ते २१ नंतर, दुपारी तीनच्या सुमारास, जेवणं आटोपलेली असतात तेव्हा. ओळख नाही म्हणू नकोस. तुझ्या कॉलेजात अकाउंट्स शिकवणाऱ्या सरांचे जुने विद्यार्थी त्याच गल्ल्यांत बसलेले असतात, त्यांच्याकडून एक नाव आण. "सर, दुपारी दोन-अडीच तास येईन, काम शिकवा" असं म्हण. सुरुवातीला ते देतील ते थोडकंच असेल. पण सहा महिन्यांत तुला एखाद्या किराणा पेढीचे महिन्याचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत लावता येतील. शेवटच्या वर्षानंतर मुलाखतीला गेलीस की हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर येतं म्हणणाऱ्या पन्नास मुली असतील, थ्री-बी स्वतः भरलेल्या किती असतील ते तूच बघशील. कॉलिंगमध्ये सहा महिन्यांनी काय येतं? लोकांचा नकार ऐकायला येतो. तेही शिक्षणच आहे म्हणा, पण ते आयुष्य फुकट देतं.

मात्र शिकवणी आणि हे मिळून आठवड्याला वीस तासांच्या वर जाऊ देऊ नकोस. परीक्षा जवळ आली की दुपारचं ऑफिस आधी सुटलं पाहिजे, अभ्यास नाही. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेव.

हे सदर मुलंही वाचतात, त्यांच्यासाठी मधेच एक. गाडीवर डिलिव्हरी करणाऱ्यांनी रोजची कमाई सांगताना पेट्रोल वजा करून सांगावी. संध्याकाळच्या चार तासांत साठ किलोमीटर गाडी फिरली आणि लिटरला पंचेचाळीसचं ॲव्हरेज पडलं तर शंभराच्या वर दर असलेल्या पेट्रोलचे सव्वाशेहून जास्त तिथेच गेले. टायर, ऑइल वेगळं. शिवाय घरच्या वापराच्या गाडीचा विमा भाड्याने माल पोहोचवताना झालेल्या अपघाताला चालेलच असं धरू नका, पॉलिसीत गाडीच्या वापराच्या अटी लिहिलेल्या असतात, त्या वाचा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपारची ऑर्डर घेणाऱ्या पोराला मी पाणी विचारते, तुम्हीही विचारा.

आता घरचं. आईचं म्हणणं मोडीत काढू नकोस. तिला नोकरीची भीती नाही, रात्री अकराला एकट्या येणाऱ्या मुलीची आहे, आणि त्यात ती चुकलेली नाही. बाबांना सांगताना "पैसे पुरत नाहीत" या वाक्याने सुरुवात करू नकोस. बाग गळाली तेव्हापासून तो माणूस रोज हाच हिशोब करून राहिला असेल. "बाबा, काकूंची नातवंडं माझ्याकडे शिकायला येतात, महिन्याचे अठराशे देतात" एवढंच सांग. पारावर बसले की ते चार जणांना सांगतील, आकडा थोडा वाढवूनच सांगतील. दाखल्याचं काम त्याच फोनवर काढ, तहसीलला जायला त्यांना हुरूप येईल.

रूममेटचं मन मोडेल ही काळजी असेल तर तिला वरचा साडेएकतीसचा हिशोब दाखव. तिचं घर, तिची गरज वेगळी असू शकते, ती राहील किंवा सोडेल, ते तिचं ती ठरवेल. तिची मार्कशीट मात्र तिने परत मागावी.

त्या ऑफिसला उद्याच फोन करून नाही सांग, सोमवारची वाट पाहायला लावू नकोस. आणि सोमवारी कॉलेजहून आलीस की जेव, थोडी पड. चारच्या सुमारास काकू उठतात, चहा टाकतात. तेव्हा वर जा, मुलांची पुस्तकं बघायला माग, आणि कपातला चहा संपायच्या आत आकडा बोलून मोकळी हो.